वाचकांचे प्रश्न : एचटीएमएलच्या स्ट्रिंगमधून कंपोनंट घडवताना

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे एकाच कामाविषयी आहेत. जावास्क्रिप्टमध्ये किंवा डेटाबेसमध्ये मजकुराच्या रूपात, म्हणजे स्ट्रिंग म्हणून, पडून असलेल्या एचटीएमएलपासून पुन्हा पुन्हा वापरता येतील असे कंपोनंट (पानाचे स्वतंत्र भाग) कसे तयार करावेत, हा त्यांचा विषय आहे. पहिल्या पत्रातील अडचण बहुतेकांच्या कामात येणारी असल्याने तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी सीताबर्डीतील एका लहान कार्यालयात वेबसाइटची कामे करतो. ठिबक सिंचनाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानाची वेबसाइट आमच्याकडे देखभालीसाठी आहे. काटोल, नरखेड भागातील संत्रा बागायतदार तिच्यावरून माल मागवतात. लॅटरल, बॉल व्हॉल्व्ह, ग्रोमेट, एंड कॅप असा सगळा माल कार्डांच्या स्वरूपात दिसतो आणि ही कार्डे एचटीएमएलचे तुकडे अधिक चिन्हाने जोडून तयार केलेली आहेत. ‘आणखी माल दाखवा’ हे बटण दाबले की आधीच्या कार्डांत ग्राहकाने भरलेली नगसंख्या पुसली जाते आणि त्या कार्डांची बटणेही चालेनाशी होतात. शिवाय दुकानदार ज्या पानावर मालाची माहिती दुरुस्त करतो, तेथे ‘बॉल व्हॉल्व्ह २" पीव्हीसी’ हे नाव ‘बॉल व्हॉल्व्ह २’ एवढेच दिसते, डेटाबेसमध्ये मात्र ते पूर्ण आहे. या स्ट्रिंगचे कंपोनंट करायचे तर संपूर्ण वेबसाइट रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत नव्याने लिहावी लागेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नव्याने लिहावी लागणार नाही. आपण वर्णन केलेल्या दोन्ही तक्रारी ब्राउझरमध्ये आधीपासून असलेल्या साधनांनी दूर होतात, आणि त्या दूर करताना जे काम करावे लागते तेच कंपोनंट घडवण्याचे निम्मे काम असते.

प्रथम पुसल्या जाणाऱ्या नगसंख्येविषयी. आपल्या कोडमध्ये ‘इनरएचटीएमएल’ला, म्हणजे घटकाच्या आतील एचटीएमएल मजकूर म्हणून देणाऱ्या गुणधर्माला, ‘अधिक-बरोबर’ चिन्हाने नवा मजकूर जोडला जात असणार. वाचताना असे वाटते, की जुने तसेच राहून खाली नवे चिकटते. प्रत्यक्षात ब्राउझर आधी स्क्रीनवरील सर्व कार्डे पुन्हा मजकुरात उतरवून काढतो, त्या मजकुराच्या शेवटी नवा तुकडा जोडतो, जुने नोड (टॅगपासून बनलेले पानाचे जिवंत घटक) टाकून देतो आणि संपूर्ण मजकूर पहिल्यापासून पार्स करून, म्हणजे वाचून त्याचा अर्थ लावून, नवे नोड तयार करतो. ग्राहकाने चौकटीत लिहिलेला आकडा हा त्या इनपुटच्या नोडचा चालू गुणधर्म असतो, एचटीएमएलच्या मजकुरातील ‘व्हॅल्यू’ या ॲट्रिब्यूटमध्ये तो उतरत नाही. म्हणून मजकुरात रूपांतर होताच तो हरवतो. ‘ॲडइव्हेंटलिसनर’ने जोडलेल्या क्रियाही नोडवरच असतात, त्या मजकुरात येत नाहीत, त्यामुळे बटणे निर्जीव होतात. दुकानदाराची ही तक्रार आज संध्याकाळपर्यंत मिटवायची असेल, तर त्या ओळीऐवजी ‘इन्सर्टॲडजेसंटएचटीएमएल’ वापरून ‘बिफोरएंड’ या जागी फक्त नवा तुकडा घालावा. ही पद्धत आधीच्या कार्डांना हात लावत नाही. अर्थात नव्या कार्डांच्या बटणांना लिसनर जोडण्याची काळजी घ्यावी लागेल. प्रत्येक बटणाला वेगळा लिसनर देण्याऐवजी सर्व कार्डांना धरून असलेल्या बाहेरच्या घटकावर एकच लिसनर ठेवला आणि क्लिक कोणत्या बटणावर झाली ते तेथे तपासले, तर ही काळजीही उरत नाही.

नावातील ‘पीव्हीसी’ का गळते, ते अधिक शिकवणारे आहे. दुरुस्तीच्या पानावर इनपुटचा ‘व्हॅल्यू’ दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला असणार आणि त्या दोन चिन्हांच्या मध्ये मालाचे नाव जोडले जात असणार. नावातील इंचाचे चिन्ह आणि ॲट्रिब्यूट बंद करणारे अवतरणचिन्ह ही पार्सरच्या दृष्टीने एकच गोष्ट आहे. तो ‘बॉल व्हॉल्व्ह २’ येथे ‘व्हॅल्यू’ संपली असे समजतो आणि पुढचा ‘पीव्हीसी’ हा शब्द एका नव्या ॲट्रिब्यूटचे नाव म्हणून वाचतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये तो इनपुट उघडून पाहावा. ‘पीव्हीसी’ हा शब्द, मागे लटकलेल्या अवतरणचिन्हासह, ॲट्रिब्यूटच्या जागी बसलेला दिसेल. दुकानदाराने हे पान तसेच सेव्ह केले, तर अर्धवट नाव डेटाबेसमध्येही जाईल, म्हणून या दुरुस्तीला उशीर करू नये.

येथे केवळ माहिती बिघडली आहे. परंतु ज्या फटीतून इंचाचे चिन्ह शिरले, त्याच फटीतून परक्याने लिहिलेला कोडही शिरू शकतो. उद्या या कार्डांवर ग्राहकांचे अभिप्राय दाखवायचे ठरले आणि कोणी अभिप्रायात चित्राचा टॅग लिहून त्याच्या ‘ऑनएरर’ ॲट्रिब्यूटमध्ये जावास्क्रिप्ट घातली, तर ती दुकानाच्या प्रत्येक ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. ‘इनरएचटीएमएल’मधून आलेला ‘स्क्रिप्ट’ टॅग ब्राउझर चालवत नाही, हे खरे आहे. मात्र तेवढ्यावरून ही पद्धत सुरक्षित आहे असा समज करून घेणारे बरेच जण मी पाहिले आहेत आणि तो समज महागात पडणारा आहे. विशेष चिन्हे एस्केप करणे, म्हणजे पार्सर त्यांना साधी अक्षरेच समजेल अशा रूपात लिहिणे, हा उपाय बरोबर आहे, परंतु तो प्रत्येक जोडाच्या जागी आठवणीने करावा लागतो आणि पन्नास जागांपैकी एक विसरली तरी तो निष्फळ ठरतो. बॅकटिक चिन्हांतील ‘टेम्प्लेट लिटरल’ २०१५ मध्ये भाषेत आले आणि अधिक चिन्हांची गर्दी कमी झाली. पण त्यांच्या नावात टेम्प्लेट असले तरी त्यांतून निघते ती साधी स्ट्रिंगच, आणि इंचाचे चिन्ह तेथेही तसेच फसवते.

दोन्ही तक्रारींचे मूळ असे आहे, की कार्डाची रचना आणि कार्डातील माहिती एकाच स्ट्रिंगमध्ये कालवली गेली आहे. म्हणून स्ट्रिंगचे रूपांतर कोणत्या साधनाने करावे या प्रश्नाच्या आधी एक साधे काम करावे. एका कार्डाचे तयार एचटीएमएल कागदावर छापून घ्यावे आणि मालागणिक जे जे बदलते त्याखाली लाल रेघ ओढावी. नाव, माप, दर, चित्राचा पत्ता, माल शिल्लक आहे की नाही, एवढ्याच गोष्टींखाली रेघा येतील. रेघांखालची ती माहिती आणि उरलेला तो साचा. आपल्या महाल भागातील चितार ओळीत गणेशोत्सवाआधी गेलात तर साच्यातून निघालेल्या मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात. साचा एकच असतो, आणि रंग, डोळे, दागिने प्रत्येक मूर्तीवर नंतर चढतात. रंग साच्यातच ओतला, तर पुढच्या प्रत्येक मूर्तीला त्याचा डाग लागेल. आपल्या सध्याच्या कोडमध्ये नेमके तेच होत आहे.

साचा ठेवण्यासाठी एचटीएमएलमध्ये ‘टेम्प्लेट’ नावाचा टॅग आहे. त्याच्या आतील मजकूर ब्राउझर पार्स करून नोडांच्या रूपात तयार ठेवतो, पण तो निद्रिस्त असतो : आतील चित्रे उतरवली जात नाहीत, स्क्रिप्ट चालत नाहीत, स्क्रीनवर काही दिसत नाही. लाल रेघा ओढलेल्या जागी माहितीऐवजी आपल्या ओळखीची खूण, उदाहरणार्थ ‘डेटा-जागा’ अशा अर्थाचे एखादे ॲट्रिब्यूट, ठेवावी. कार्ड हवे तेव्हा टेम्प्लेटच्या ‘कंटेंट’ची ‘क्लोननोड’ने संपूर्ण प्रत काढावी, प्रतीतील खुणांच्या जागा शोधाव्यात आणि तेथे ‘टेक्स्टकंटेंट’ने नाव व दर भरावेत, इनपुट असेल तर त्याच्या ‘व्हॅल्यू’ गुणधर्मात ती माहिती थेट ठेवावी. अशा रीतीने भरलेल्या माहितीवर पार्सर चालतच नाही, त्यामुळे २" मधील चिन्ह जसेच्या तसे पोहोचते आणि अभिप्रायातील टॅगही केवळ अक्षरे म्हणून दिसतो. पत्ते मात्र अपवाद समजावेत. लिंकचा पत्ता बाहेरून येत असेल तर तो ‘एचटीटीपीएस’नेच सुरू होतो हे तपासावे, कारण ‘जावास्क्रिप्ट’ आणि विसर्गचिन्हासारखे कोलन यांनी सुरू होणारा पत्ता क्लिक होताच कोड चालवतो.

हे सर्व एका फंक्शनमध्ये ठेवावे : मालाची माहिती आत यावी, तयार नोड बाहेर जावा. सोबत ‘माहिती बदलली तर त्याच नोडमध्ये बदल कर’ असे सांगणारे दुसरे लहान फंक्शन दिले, की तो माझ्या मते कंपोनंटच झाला, मग त्याला कोणी रिॲक्टचे नाव देवो अथवा न देवो. हेच कार्ड आपल्याला अनेक पानांवर, केवळ टॅग लिहून, वापरायचे असेल तर ‘कस्टम एलिमेंट’, म्हणजे आपण स्वतः नाव देऊन नोंदवलेला टॅग, करावे. क्रोममध्ये त्यांचे सध्याचे रूप २०१६ पासून, फायरफॉक्समध्ये ऑक्टोबर २०१८ मधील ६३ व्या आवृत्तीपासून आणि क्रोमियमवर आधारलेल्या एजमध्ये जानेवारी २०२० पासून आहे. सफारीतही ती चालतात, मात्र ‘बटण’ किंवा ‘टीआर’सारख्या तयार टॅगचा विस्तार करण्याचा प्रकार तेथे चालत नाही, म्हणून नेहमी मूळ ‘एचटीएमएलएलिमेंट’पासूनच सुरुवात करावी. साच्याची प्रत काढण्याचे काम ‘कनेक्टेडकॉलबॅक’मध्ये (घटक पानात आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करताना ते आधी झाले आहे का हे तपासावे, कारण कार्ड एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले, जसे दरानुसार क्रम लावताना होते, की ही क्रिया पुन्हा घडते आणि कार्डात कार्ड तयार होते.

शॅडो डॉम (घटकाच्या आतील, बाकी पानापासून वेगळी ठेवलेली रचना) मात्र या दुकानासाठी सध्या वापरू नये असे मी सुचवेन. त्याच्या आत वेबसाइटची नेहमीची सीएसएस पोहोचत नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शॅडो डॉममधील इनपुट बाहेरच्या फॉर्मचे भाग मानले जात नाहीत. ग्राहकाने भरलेली नगसंख्या फॉर्म पाठवताना सोबत जाणार नाही आणि आपण एका तक्रारीतून निघून दुसरीत सापडाल.

रिॲक्टचा विचार तेव्हा करावा, जेव्हा एका कार्डातील बदलामुळे एकूण रक्कम, वाहतुकीचा खर्च, शिल्लक साठा अशा पाच-सहा जागा एकाच वेळी बदलू लागतील आणि त्या हाताने सांभाळणे जड जाईल. त्या दिवशी लाल रेघा ओढलेला हा कागद आपल्या उपयोगी पडेल, कारण रेघांखालील प्रत्येक गोष्ट तेथे एक ‘प्रॉप’, म्हणजे कंपोनंटला बाहेरून दिलेली माहिती, होईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. टेम्प्लेट टॅग वापरून पाहिला, तेव्हा पहिले कार्ड दिसले. दुसऱ्या वेळी तेच कोड चालवल्यावर काहीच दिसले नाही आणि चूकही दाखवली गेली नाही. तसेच ‘टीआर’ आणि ‘टीडी’ असलेली स्ट्रिंग एका रिकाम्या ‘डिव’मध्ये घातली असता टॅग नाहीसे होऊन फक्त अक्षरे उरली. असे का होते?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : पहिल्या प्रसंगी आपण प्रत न काढता टेम्प्लेटचा ‘कंटेंट’च पानात जोडला आहे. तो एक ‘डॉक्युमेंटफ्रॅगमेंट’ असतो आणि जोडताना त्यातील नोड तेथून उचलले जाऊन पानात जातात, मागे रिकामे भांडे राहते. रिकामे भांडे पुन्हा जोडणे ही ब्राउझरच्या दृष्टीने चूक नाही, म्हणून तो काही बोलत नाही. ‘क्लोननोड’ला ‘ट्रू’ देऊन आधी प्रत काढावी. मूळ साच्यात ‘आयडी’ असेल तर प्रत्येक प्रतीत तीच ‘आयडी’ येते. लेबल आणि इनपुट यांची जोडी तिच्यावर अवलंबून असेल, तर दुसऱ्या कार्डाच्या लेबलवर क्लिक केल्यावर पहिल्या कार्डाचा इनपुट उघडेल. साच्यात ‘आयडी’ न ठेवणे बरे.

दुसऱ्या प्रसंगी पार्सरने नियम पाळला आहे. एचटीएमएलचा पार्सर तुकडा कोणत्या घटकाच्या आत वाचतो आहे ते आधी पाहतो. ‘डिव’च्या आत असताना टेबलाबाहेरच्या ‘टीआर’ला अर्थ नाही, म्हणून तो टॅग सोडून देऊन आतील अक्षरे ठेवतो. तीच स्ट्रिंग एखाद्या टेम्प्लेट घटकाच्या ‘इनरएचटीएमएल’मध्ये घातली तर ओळ शाबूत राहते, कारण टेम्प्लेटच्या आत पार्सर पहिल्या टॅगवरून संदर्भ ठरवतो. त्यानंतर ‘फर्स्टचाइल्ड’ऐवजी ‘फर्स्टएलिमेंटचाइल्ड’ घ्यावे; स्ट्रिंगच्या सुरुवातीला कोड नीट दिसावा म्हणून सोडलेली नवी ओळ हाही एक नोड असतो आणि तो हाती आला की पुढचे सगळे बिघडते.

प्रश्न : आमच्याकडे शेतीविषयक सल्ल्याच्या लेखांचा मोठा संग्रह आहे. लेख एडिटरमध्ये लिहून त्यांचे एचटीएमएल डेटाबेसमध्ये ठेवले गेले. आता वेबसाइट रिॲक्टमध्ये आहे. लेखांतील चित्रांच्या जागी आमचा चित्राचा कंपोनंट आणि तक्त्यांच्या जागी मोबाइलवर आडवा सरकणारा तक्ता यावा अशी इच्छा आहे. ‘डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल’ने लेख दिसतो, पण आमचे कंपोनंट त्यात बसवता येत नाहीत.
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : त्या मार्गाने ते बसणारच नाहीत. त्या गुणधर्मातून दिलेली स्ट्रिंग रिॲक्ट ब्राउझरच्या हवाली करते आणि आत काय आहे याची नोंद स्वतःकडे ठेवत नाही. त्याच्या नावातच धोक्याचा शब्द मुद्दाम घातलेला आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्याला स्ट्रिंगचे आधी नोडांचे झाड करावे लागेल आणि त्या झाडातील प्रत्येक नोडसाठी रिॲक्टचा घटक तयार करावा लागेल. ‘एचटीएमएल-रिॲक्ट-पार्सर’ ही लायब्ररी हेच करते. तिच्या ‘रिप्लेस’ या पर्यायात आपण दिलेले फंक्शन प्रत्येक नोडसाठी बोलावले जाते, तेथे चित्र दिसले की आपला कंपोनंट परत करावा आणि इतर नोड जसेच्या तसे जाऊ द्यावेत. हे काम स्वतः लिहायचे झाल्यास नावांचे फरक सांभाळावे लागतात : ‘क्लास’चे ‘क्लासनेम’, लेबलवरील ‘फॉर’चे ‘एचटीएमएलफॉर’, आणि ‘स्टाइल’ची स्ट्रिंग मोडून तिचा ऑब्जेक्ट. ‘डेटा’ आणि ‘एरिया’ने सुरू होणारी ॲट्रिब्यूट मात्र हायफनसह तशीच राहतात. तक्त्याच्या ओळींमधील मोकळ्या जागांबद्दल रिॲक्ट कन्सोलमध्ये तक्रार करते, त्या नोडांना गाळून टाकावे. रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांच्या नमुन्यावरून शोधण्याच्या पद्धतीने) टॅग शोधून बदलण्याचा मोह टाळावा. तक्त्यात तक्ता आला, किंवा चित्राच्या वर्णनात कोणी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह लिहिले, की तो उपाय कोसळतो.

लेख आपल्याच माणसांनी लिहिले असले तरी ते सॅनिटाइझ करावेतच, म्हणजे त्यांतील धोकादायक टॅग आणि कोड काढून टाकावेत, कारण एडिटरमध्ये बाहेरून चिकटवलेल्या मजकुरासोबत काय काय येते याचा भरवसा नसतो. ‘डोमप्युरिफाय’ ही लायब्ररी यासाठी विश्वासाने वापरली जाते. तिला परवानगी असलेल्या टॅगची लहान यादी द्यावी. परिच्छेद, उपशीर्षके, याद्या, तक्ते, चित्रे, लिंक आणि ठळक अक्षरे यांपलीकडे सल्ल्याच्या लेखाला क्वचितच काही लागते. सॅनिटाइझ झाल्यावर त्या स्ट्रिंगमध्ये पुन्हा काही जोडू नये, नाहीतर केलेली स्वच्छता वाया जाते. पान सर्व्हरवर तयार होत असेल तर नोड.जेएसमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात) ब्राउझरचा डॉम, म्हणजे पानाच्या नोडांचे झाड, नसतो. तेथे ‘डोमप्युरिफाय’ला ‘जेएसडॉम’ या लायब्ररीची जोड द्यावी लागते.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे, की संग्रह आपलाच असताना वाचकाने लेख उघडला की दर वेळी हे सर्व करणे योग्य नाही. एकदाच एक प्रोग्रॅम लिहून सर्व लेख झाडात उतरवावेत आणि परिच्छेद, चित्र, तक्ता अशा तुकड्यांच्या क्रमवार यादीच्या रूपात डेटाबेसमध्ये ठेवावेत. ज्या लेखांत अनोळखी टॅग सापडतील त्यांची वेगळी यादी काढून ते माणसाने डोळ्यांखालून घालावेत. मूळ एचटीएमएल मात्र पुसू नये. रूपांतरात एखाद्या फवारणीच्या तक्त्यातील प्रमाणाचा रकाना सरकला, तर ताडून पाहायला तेच हाती असते, आणि शेतकरी ते प्रमाण वाचून पंपात औषध घालणार असतो.

प्रश्न : व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये ‘व्ही-एचटीएमएल’ने दाखवलेल्या स्ट्रिंगमध्ये आमच्या कंपोनंटचा टॅग लिहिला तर तो चालत नाही. काही उपाय आहे का? तसेच कस्टम एलिमेंटचे नाव मराठीत ठेवता येते का?
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : ‘व्ही-एचटीएमएल’ स्ट्रिंगला व्ह्यूचे टेम्प्लेट म्हणून वाचत नाही, साधे एचटीएमएल म्हणून ठेवते, त्यामुळे आपला टॅग ब्राउझरला अनोळखी राहतो. तोच घटक कस्टम एलिमेंट म्हणून नोंदवलेला असेल तर मात्र चालतो, कारण त्याला ओळखणारा स्वतः ब्राउझर असतो. स्ट्रिंगमधून आलेला टॅग पानात पोहोचताच जिवंत होतो. स्ट्रिंग आपल्या विश्वासातील असावी ही अट येथेही आहे.

नावाचे म्हणाल, तर त्यात हायफन असलाच पाहिजे आणि पहिले अक्षर रोमन लिपीतील लहान अक्षर असले पाहिजे, एवढे दोन नियम आड येतात. पहिल्या अक्षरानंतर देवनागरी अक्षरे चालतात. म्हणजे सुरुवातीला रोमन ‘एक्स’, मग हायफन आणि मग ‘मालकार्ड’ असे नाव नोंदवता येते आणि ब्राउझर ते स्वीकारतो. कार्यालयातील सर्वांच्या संगणकांवर मराठी कळफलक सुरू असेल, तर असे नाव जरूर वापरून पाहावे.